रोध वाढला की उष्णता वाढते की घटते?

गिझरच्या पट्टीवर बहुधा दोनच आकडे ठळकपणे छापलेले असतात : २३० व्होल्ट आणि २००० वॅट. प्रवाह किती आणि आतल्या कॉइलचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, किती, हे तिथे सहसा लिहिलेले नसते; पण तेवढ्या दोन आकड्यांवरून ते काढता येते. शक्ती (वॅट) म्हणजे विजेचा दाब (व्होल्ट) गुणिले प्रवाह (अँपिअर), म्हणून २००० ला २३० ने भागले की सुमारे ८.७ अँपिअर मिळतात. रोध म्हणजे दाब भागिले प्रवाह, म्हणून २३० ला ८.७ ने भागले की साधारण २६.४ ओहम. गिझरसाठी वायरमन ६ अँपिअरचे साधे सॉकेट न लावता १६ अँपिअरचे का बसवतो, याचे उत्तर पहिल्याच भागाकारात मिळते.

आज हा हिशेब आठवी-नववीतल्या मुलालाही जमतो, परंतु त्यामागचा नियम सापडायला बरीच खटपट करावी लागली. जर्मनीतील कोलोन येथे शिक्षक असलेल्या गेओर्ग ओहम यांची पहिली अडचण अशी होती की त्या काळच्या रासायनिक बॅटऱ्यांचा दाब स्थिर राहत नसे. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांच्या तापमानांत फरक असला की विजेचा दाब निर्माण होतो; म्हणून त्यांनी बिस्मथ आणि तांबे यांचे दोन सांधे घेतले आणि एक सांधा उकळत्या पाण्यात, तर दुसरा बर्फात ठेवला. तापमानांतील फरक कायम राहिल्यामुळे दाबही कायम राहिला. या प्रयोगांनंतर १८२७ मध्ये, दाब आणि प्रवाह यांचे प्रमाण कायम राहते हा नियम मांडणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. उष्णतेचा नियम जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या सुमारास मांडला : तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते.

इथेच एक कोडे उभे राहते. ओहम यांचा नियम वापरून शक्तीचे सूत्र दोन प्रकारे लिहिता येते. एका रूपात शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे रोध वाढला की उष्णता वाढावी; दुसऱ्या रूपात शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध, म्हणजे रोध वाढला की उष्णता घटावी. दोन्ही रूपे बरोबर आहेत. फक्त सूत्र हाती घेण्यापूर्वी दाब ठरलेला आहे की प्रवाह, हे विचारावे लागते, आणि माझ्या मते पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे नेमका हाच प्रश्न गाळतात.

गिझरच्या प्लगची पिन सॉकेटमध्ये ढिली बसली आहे आणि त्या सांध्याला अर्धा ओहम रोध आला आहे, असे समजू. आता एकूण रोध २६.९ ओहम होतो आणि प्रवाह ८.७ वरून ८.५ अँपिअरवर येतो. हा प्रवाह प्रामुख्याने कॉइलने ठरवलेला आहे, म्हणून सांध्यापुरते पहिले रूप लागू पडते : ८.५ चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे ३६ वॅट. तारा डाक देऊन जोडण्याचे साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते; त्याच्याहून अधिक उष्णता पिनेच्या टोकाशी कोंडते आणि प्लग तपकिरी पडू लागतो. तापलेला धातू गंजून सांध्याचा रोध आणखी वाढला, तर उष्णताही वाढते. सांध्याचा रोध कॉइलच्या रोधाइतका होईपर्यंत ती वाढतच राहील. या सगळ्यात प्रवाह कमीच होत असल्यामुळे एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, पडत नाही.

दुसरे रूप कमी दाबाच्या वेळी उपयोगी पडते. संध्याकाळी दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला, तर कॉइलचा रोध जवळपास तोच राहतो आणि शक्ती १८० चा वर्ग भागिले २६.४, म्हणजे सुमारे १२२५ वॅट उरते. दाब २२ टक्के घटला, पण शक्ती ३९ टक्के घटली. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापवायला एरवी सुमारे १६ मिनिटे लागतात, तर आता जवळपास २६ मिनिटे लागतील.

रोध "जवळपास तोच" राहतो, ही सवलत प्रत्येक उपकरणाला मिळत नाही. ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध हिशेबाने ८८२ ओहम येतो, पण तोच थंड बल्ब मल्टिमीटरवर मोजला तर त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो, कारण टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढतो.

शेतातल्या पंपाच्या मोटारीवर तर हा भागाकार पूर्णच फसतो. तिच्या वेटोळ्यांचा रोध काही ओहमच असतो. फिरत्या मोटारीत निर्माण होणारा उलटा दाब प्रवाहाला आवरून धरतो. दाब उतरला तरी पाणी तेवढेच उचलायचे असते, म्हणून मोटार प्रवाह वाढवून घेते. ढोबळमानाने दाब २० टक्के घटला की प्रवाह २५ टक्के वाढतो आणि वर्गाच्या हिशेबाने वेटोळ्यांतील उष्णता दीडपटीहून अधिक होते. ज्या कमी दाबाने गिझर निवांत थंडावतो, त्यानेच मोटार जळते. म्हणून स्टार्टरच्या पेटीवर व्होल्टच्या काट्याशेजारी अँपिअरचाही काटा असावा लागतो : पहिला खाली आणि दुसरा वर सरकताना दिसला, की मोटार लगेच बंद करायची.