पोट बिघडलंय की फ्लेअर आलाय?

काल दूध जरा जास्त झालं आणि आज सकाळपासून पोटात गुडगुड, दोनदा पातळ संडास. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याला सूज आणणारे दीर्घकाळचे आजार) असलेल्या माणसाच्या छातीत लगेच धस्स होतं: फ्लेअर आला, म्हणजे आजार पुन्हा उफाळला! याउलट चार दिवस रक्त पडत असताना 'परवाचं जेवण बाधलं असेल' म्हणून आपण गप्प बसतो. या दोन्ही चुका मी केल्या आहेत. दुसरीपायी दवाखान्यात भरती व्हावं लागलं.

नुसतं पोट बिघडतं तेव्हा भानगड पचनाची असते. दुधातली साखर पचली नाही, तर ती मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, गॅस धरतो, जुलाब होतात. आतड्याच्या अस्तराला त्याने जखम होत नाही. फ्लेअरमध्ये ते अस्तरच सुजलेलं, सोलवटलेलं असतं, कारण शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटलेली असते. म्हणून पहिल्यात तो पदार्थ बंद केला की बहुधा दिवस-दोन दिवसांत उतार पडतो. दुसऱ्यात कितीही पथ्य पाळा, रक्त थांबत नाही.

मला सगळ्यात जास्त सांगते ती रात्र. खाण्याने बिघडलेलं पोट सहसा झोपू देतं. फ्लेअर रात्री तीनला उठवतो. मुरडा येतो, धावत जावं, तर पडतं काय? चमचाभर आव आणि त्यात रक्ताची रेघ. परत येऊन अंथरुणावर पाठ टेकते न टेकते तोच पुन्हा कळ. सोबत कणकण, उतरत जाणारं वजन, कधी सांधेदुखी.

तरीही लक्षणं फसवतात. सूज पूर्ण शमलेली असतानाही बऱ्याच जणांचं पोट हुळहुळं राहतं. अशा वेळी शौचाची कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या सुजेत वाढणारं प्रथिन) तपासणी कामी येते. साधारणपणे आकडा 50 च्या आत असला तर सूज असण्याची शक्यता कमी, 250 च्या वर गेला तर ती बहुधा पेटलेली. मधला आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. जंतुसंसर्गानेही हा आकडा चढतो, म्हणून डॉक्टर सोबत शौचातले जंतूही तपासायला सांगतात.

औषधांबाबत तर कळकळीने सांगते. बरं वाटलं म्हणून मेसालामाइन (आतड्याची सूज आटोक्यात ठेवणारं औषध) आपल्या मनाने सोडलं की पुढे फ्लेअर येतो आणि खापर फुटतं आदल्या दिवशीच्या जेवणावर. स्टेरॉइड तर एकदम कधीच थांबवू नये, डोस टप्प्याटप्प्यानेच उतरवतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही काहींना फ्लेअर येतो. त्या घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पथ्य करताना एका वेळी एकच पदार्थ बंद करून पाहा आणि वहीत लिहा. भीतीपोटी सगळंच सोडलं की अंगातली ताकद जाते, आणि सूज आहे तिथेच राहते. फ्लेअरमध्ये मऊ, कमी चोथ्याचं, थोडं थोडं खावं. शमल्यावर चोथा हळूहळू वाढवावा. क्रोन्समध्ये आतडं कुठे अरुंद झालं असेल, तर बिया, साली, कच्च्या भाज्या अडकू शकतात. तिथे डॉक्टर सांगतील तेच पथ्य.

आणि दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, वर ताप किंवा नाडी 90 च्या पुढे, असं झालं तर वही बाजूला ठेवा. त्याच दिवशी दवाखाना गाठा.