टीडीएस मीटरला शिसं दिसत नाही

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारा मीटर पाण्यात बुडवायचा आणि आकडा कमी आला की पाणी शुद्ध म्हणायचं, हा समज बराच पसरला आहे. हा मीटर फक्त विद्युतवाहकता मोजतो आणि तिला ०.५ ते ०.७ च्या आसपासच्या गुणकानं गुणून क्षारांचा अंदाज देतो. क्षार कोणते, ते त्याला कळत नाही. त्याच्या पडद्यावरचा सगळ्यात छोटा आकडा लिटरला १ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची शिशासाठीची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याचा शंभरावा भाग! मर्यादेच्या वीसपट शिसं असलं तरी मीटर ढिम्म.

पाण्यात दोन सळ्या सोडून, त्यांतून वीज वाहवून ते तपकिरी करून दाखवणारं प्रात्यक्षिक तर निव्वळ हातचलाखी. तो गाळ लोखंडी सळी विरघळून तयार होतो. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं.

शिसं मोजायच्या अनेक युक्त्या आहेत. रंग बदलणाऱ्या पट्ट्या, आयन-निवडक इलेक्ट्रोड, चमकणारे रेणू. पण सगळ्यात देखणी स्ट्रिपिंग व्होल्टामेट्री, म्हणजे धातू आधी इलेक्ट्रोडवर साठवायचा आणि मग व्होल्टेज बदलत तो सोडवताना वाहणारा प्रवाह मोजायचा. तिचं मूळ यारोस्लाव्ह हेरोव्स्की यांच्या १९२२ मधल्या पोलरोग्राफीत. १९५९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. तेव्हा इलेक्ट्रोड म्हणून पाऱ्याचे थेंब वापरत. २००० मध्ये विषारी पाऱ्याऐवजी बिस्मथचा पातळ थर पुढे आला.

तत्त्व 'थेंबे थेंबे तळे साचे' हेच, फक्त शेवटी तळ्याचा दरवाजा एकदम उघडायचा. ९ मिलिलिटर नमुन्यात १ मिलिलिटर तीव्र अॅसिटेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून पीएच ४.५ च्या आसपास आणायचा आणि लिटरला ४०० मायक्रोग्रॅम होईल इतकं बिस्मथ मिसळायचं. ३ मिलिमीटर व्यासाचा ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड, सोबत सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड आणि प्लॅटिनमची तार. द्रावण ढवळत १२० सेकंद ऋण १.२ व्होल्ट द्यायचे. बिस्मथ, शिसं, कॅडमियम यांचे आयन इलेक्ट्रॉन घेऊन धातू होतात आणि कार्बनवर बसतात. मग ढवळणं थांबवून १० सेकंद शांतता, आणि व्होल्टेज धन दिशेला चढवत न्यायचं. ऋण ०.८ च्या आसपास कॅडमियम सुटतं, ऋण ०.५५ जवळ शिसं. प्रत्येक वेळी प्रवाहाच्या आलेखात एक शिखर उमटतं. दोन मिनिटं साठवलेलं शिसं सुमारे सेकंदभरात बाहेर पडतं. विद्युतभार तोच, वेळ शंभरावा हिस्सा, म्हणून प्रवाह शंभरपट.

व्होल्टेज सरळ चढवलं तर मात्र फसगत होते. इलेक्ट्रोड आणि द्रावण यांच्या सीमेवर धारित्र, म्हणजे विद्युतभार साठवणारा थर असतो. व्होल्टेजच्या प्रत्येक उडीला तो भारित होतो आणि त्याचा प्रवाह शिशाचा प्रवाह झाकून टाकतो. सुदैवानं धारित्राचा प्रवाह घातांकी वेगानं मरतो, शिशाचा मात्र वेळेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे रेंगाळत. म्हणून चौकोनी लाटांनी पुढे-मागे ठोके द्यायचे, प्रत्येक ठोक्याच्या अगदी शेवटी प्रवाह टिपायचा आणि पुढच्यातून मागचा वजा करायचा. धारित्राचा जवळपास सगळा गोंधळ गळून जातो. २५ हर्ट्झ आणि ४ मिलिव्होल्टची पायरी घेतली की वेग सेकंदाला १०० मिलिव्होल्ट.

'एक थेंब, काही सेकंद, अचूक उत्तर' अशा जाहिरातींमधलं उत्तर बहुधा स्वच्छ बफरमधलं असतं. खऱ्या पाण्यातले ह्युमिक आम्ल (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारे सेंद्रिय पदार्थ) आणि साबण इलेक्ट्रोडवर चिकटतात व शिखर खुजं होतं. शिवाय सेंद्रिय रेणूंना बांधलेलं शिसं या पद्धतीला सहसा दिसतच नाही. एकूण शिसं हवं असेल तर नमुना आधी आम्लात पचवावा, म्हणजे ते रेणू आम्लानं मोडून शिसं मोकळं करावं लागतं. ढवळण्याचा वेग बदलला तरी उत्तर बदलतं, कारण शिसं इलेक्ट्रोडपर्यंत किती पोहोचलं यावरच सगळं अवलंबून. म्हणून आलेखावरून थेट आकडा वाचू नये. त्याच १० मिलिलिटर द्रावणात लिटरला १० मिलिग्रॅम शिशाचं प्रमाणित द्रावण १० मायक्रोलिटर टाकावं. त्यानं लिटरला १० मायक्रोग्रॅमची भर पडते. शिखर दुप्पट झालं तर द्रावणात मुळात १० होते. नमुना पातळ केल्याचा हिशेब धरून ११.

भांडी प्लॅस्टिकची आणि १० टक्के नायट्रिक आम्लात भिजवून धुतलेली हवीत. नाहीतर भांड्यातलंच शिसं मोजलं जातं. नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन एक कोरी चाचणी आधी करावी. पाण्यातला पारा मात्र या बिस्मथच्या थरावर सापडत नाही, त्याच्या आधी बिस्मथच विरघळून जातं. त्यासाठी इलेक्ट्रोड सोन्याचा लागतो.