दैनंदिन ख्रिस्ती आचरण

येशू ख्रिस्ताची शिकवण घर, काम, व्यवहार आणि शेजार यांत प्रत्यक्ष जगण्याची रीत. तिचा मुख्य आधार म्हणजे मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ५ ते ७ या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचन.

या प्रवचनात उपासनेइतकेच, काही ठिकाणी तिच्याही आधी, माणसामाणसांतले नाते येते. वेदीजवळ अर्पण आणल्यावर आपल्या भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग परत येऊन ते वाहावे, असे येशू सांगतो (५:२३–२४). इथे मन दुखावले आहे ते समोरच्याचे, तरी उठून जायचे ते आपण. ‘तो आला तर बोलेन’ ही सोयीची पळवाट या वचनाने बंद होते, आणि ख्रिस्ती आचरणाचा सर्वांत अवघड भाग बहुधा हाच आहे.

बोलण्याबाबतचा नियम थोडक्यात आहे: होय तर होय, नाही तर नाही; शपथेची गरज पडू नये (५:३७). सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी तो शब्दशः पाळला. न्यायालयात शपथ घेण्यास नकार दिल्याने त्यांनी तुरुंगवासही सोसला. दुकानात घासाघीस न करता सर्वांना एकच ठरलेला भाव सांगण्याची त्यांची पद्धत याच सचोटीतून आली.

कामाकडे पाहण्याची दृष्टीही अशीच घडत गेली. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत मठाच्या कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्याने साधी भांडीकुंडीही वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे हाताळावीत, असे सांगितले आहे. सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी पुढे आग्रहाने मांडले की प्रापंचिकाचे प्रामाणिक काम हेही देवाचे पाचारण आहे. त्यासाठी मठात जावे लागत नाही.

सत्कृत्यांनी तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळवता येते का, हा वाद धर्मसुधारणेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चमधून प्रोटेस्टंट पंथ वेगळे झाले त्या, काळात विकोपाला गेला. तारण कृपेने व विश्वासाने होते, कर्मांनी नव्हे, असे प्रेषित पौल बायबलमधील आपल्या पत्रांत लिहितो. उलट याकोबाच्या पत्रात कृतीवाचून विश्वास निर्जीव ठरवला आहे (२:१७). उघड्या-उपाशी माणसाला अन्नवस्त्र न देता ‘सुखाने जा’ म्हणून वाटेला लावणे, हे याकोबाचे उदाहरण आजही बोचते. कॅथलिक व लूथरन चर्चने १९९९ मध्ये काढलेल्या संयुक्त घोषणापत्रात सत्कृत्ये ही देवाने माणसाला नीतिमान ठरवल्याची फळे मानली आहेत. म्हणून चांगुलपणाचा हिशेब मांडणे या आचरणात बसत नाही. मत्तयाच्या २५व्या अध्यायातील न्यायाच्या चित्रात भुकेल्याला जेवू घालणाऱ्यांना आपण कोणाची सेवा केली याचा पत्ताही नसतो.

हे अंगी बाणवण्यासाठी काही साधना रूढ झाल्या. प्रार्थना, शास्त्रवाचन आणि उपवास सर्वपरिचित आहेत. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणावर भर दिला: आधी देवाचे आभार, मग दिवसभराच्या वागण्याचा आढावा, चुकांबद्दल क्षमायाचना आणि सुधारण्याचा निश्चय. आभारांचा क्रम पहिला असल्याने हा आढावा निव्वळ आत्मनिंदेकडे झुकत नाही. इंग्लंडमधील धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीत १७४२ पासून सुमारे बारा जणांचे गट दर आठवड्याला जमू लागले. तिथे प्रत्येकाला त्या आठवड्यात आपण कसे जगलो, हे इतरांपुढे सांगावे लागे.