भोक सव्वा इंचाचं की दोन इंचांचं?

बडोद्याच्या दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांना कडीपाटाची छतं होती, तुळयांच्या खोबणी होत्या, भिंतीवर तिरक्या टांगलेल्या तसबिरी होत्या. चिमणीला जागा शोधत हिंडावं लागत नसे. त्या जागी स्लॅबच्या इमारती आल्या आणि गुळगुळीत भिंतींत शिरायला फटच उरली नाही. म्हणून हल्ली बडोद्यात बाल्कन्यांमधून लाकडी घरटी दिसतात. त्यातली कित्येक वर्षानुवर्षं रिकामी असतात, नाहीतर आत खारीनं बस्तान मांडलेलं असतं. दोष बहुतेक वेळा मापाचा असतो.

पहिली गोष्ट म्हणजे सगळे पक्षी पेटीत येत नाहीत. ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात अंडी घालणारेच तेवढे येतात. आपल्या अंगणातले असे पक्षी म्हणजे चिमणी, दयाळ, साळुंकी, भांगपाडी मैना, पोपट आणि पिंगळा. बुलबुल, होला, शिंपी, सूर्यपक्षी यांची घरटी फांद्यापानांत असतात. त्यांच्यासाठी पेटी आणणं म्हणजे पैसे वाया. त्यांना दाट झुडूप द्या. तांबट ढोलीतच राहतो, पण ती स्वतः कोरून घेतो. त्याच्यासाठी शेवग्याची एखादी वाळकी फांदी न तोडता ठेवली की काम झालं.

पेटीत कोण राहणार हे भोक ठरवतं. चिमणीला सव्वा इंच, म्हणजे 32 मिलिमीटर, पुरतं. दोन इंच केलंत की साळुंकी किंवा दयाळ येणार आणि चिमणी बाजूला पडणार. पिंगळ्याला तीन इंचांच्या आसपास भोक लागतं आणि पेटीही बरीच मोठी. बाजारात ‘चिमणीचं घर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पेट्यांचं भोक पुष्कळदा दोन इंचांच्या वर असतं, कारण ते दिसायला बरं दिसतं. विकत घेताना दुकानात सरळ पट्टी लावून बघा. भोकाखाली बसायला दांडी असेल तर ती काढून टाका. चिमणी खडबडीत लाकडाला नखं रोवून आत जाते, दांडीची तिला गरज नसते. उलट कावळ्याला तिथे बसून आत चोच घालायची सोय होते.

पेटी सुताराकडून करून घेतली तर जास्त टिकते. सहा इंच रुंद, पाऊण इंच जाड आणि पाच फूट लांब अशी एकच फळी पुरते. सागवान उत्तम, पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन लाकूडही चालतं. मागची फळी 16 इंच, पुढची 8 इंच, छप्पर 9 इंच. दोन्ही बाजूंसाठी 18 इंचांचा तुकडा घ्यायचा आणि मधोमध तिरका कापायचा, म्हणजे प्रत्येक बाजू मागे 10 आणि पुढे 8 इंच उंच मिळते आणि छपराला आपोआप उतार येतो. तळ साडेचार इंच बाय सहा इंच. तो चारही भिंतींच्या आत बसतो, खालून ठोकायचा नाही, नाहीतर पावसाचं पाणी सांध्यातून आत ओढलं जातं. छप्पर जवळपास दोन इंच पुढे येतं, तेवढं भोकावर पाणी न यायला पुरे. भोकाची खालची कड तळापासून पाच इंच वर असावी. त्याहून खाली ठेवलं तर गवत भरल्यावर पिल्लं भोकाच्या पातळीला येतात आणि कावळ्याची चोच पोचते.

तळाच्या चार कोपऱ्यांत पाव इंचाची भोकं पाडा, पाणी निघून जायला. दोन्ही बाजूंना छपराखाली तशीच दोन-दोन, हवेसाठी. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. बंद पेटीत पिल्लं उकडून मरतात. पत्र्याचं छप्पर, काळा किंवा गडद रंग, पातळ प्लास्टिकची पेटी, हे सगळं त्याच कारणासाठी नको. प्लायवूड आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, एका पावसाळ्यात फुगतं. आतून काहीही लावू नका, रंधाही मारू नका. पुढच्या फळीला आतून करवतीच्या आडव्या रेघा ओढल्या की पिल्लांना वर चढायला पकड मिळते. बाहेरून अळशीच्या तेलाचा हात पुरे. छपराला बिजागरीऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोका: पेटी उघडताही येते आणि मागच्या फटीतून पाणीही शिरत नाही. सांधे खिळ्यांनी नको, स्क्रूने जोडा. ऊन-पावसात लाकूड आकसतं, फुगतं आणि खिळे ढिले होतात. खार भोक कुरतडून मोठं करते, म्हणून भोकाभोवती पत्र्याची चकती बसवावी, कडा कानशीने घासून.

पेटी दोरीने टांगू नये. झुलणाऱ्या पेटीत चिमणी सहसा राहत नाही. छज्ज्याखाली भिंतीला, आठ-दहा फुटांवर, स्क्रूने घट्ट बसवा. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला: पश्चिमेचं दुपारचं ऊन आणि नैर्ऋत्येचा पाऊस दोन्ही टळतात. चिमण्या वस्ती करून राहणाऱ्या, त्यामुळे तीन फुटांच्या अंतराने दोन-तीन पेट्या लावल्या तर एकटीपेक्षा लवकर भरतात. एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ नको. जवळच्या खोलीत पंखा चालू असेल तर खिडकीला जाळी लावा, कारण चिमणी पाती ओळखत नाही. हे सगळं दिवाळी ते जानेवारीदरम्यान आटपलं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जोडी जागा शोधायला लागते तेव्हा पेटी तयार असते. पहिल्या वर्षी कोणी आलं नाही तर लगेच जागा बदलू नका.

चिमणी एका वेळी साधारण तीन ते पाच अंडी घालते. बारा दिवसांच्या आसपास उबवण, नंतर पंधरा-एक दिवसांत पिल्लं उडतात. या पंधरवड्यात ती प्रामुख्याने किडे, अळ्या खाऊन वाढतात. बागेत औषध फवारायचं आणि शेजारी बाजरी ठेवायची, हे म्हणूनच जमत नाही. दाण्यावर मोठ्या झालेल्या चिमण्या जगतील, पण पिल्लं वाढणार नाहीत.

दाणापाण्यात माझ्या मते पाणी आधी. मातीचं पसरट कुंडं घ्या, आतून खरखरीत. चकचकीत काचमुलामा असलेलं घेतलंत तर पक्ष्यांचे पाय घसरतात. मध्ये खोली दोन इंचांपेक्षा जास्त नको, कडेला अर्धा इंच. खोल असेल तर चपटा दगड ठेवा. सावलीत, जमिनीपासून तीन-चार फुटांवर, आणि मांजर दबा धरून बसेल अशा झुडपापासून दहा फूट लांब. पाणी रोज बदलायचं आणि कड ब्रशने घासायची. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटतात आणि सुकूनही महिनोन्महिने तग धरतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही.

दाण्याचं गणित वेगळं आहे. गुजरातेतला पाखरांना दाणे घालायचा चबुतरा उंच गुळगुळीत खांबावर असतो, मांजर चढू शकत नाही. ही युक्ती घ्यावी. पण त्याचा उघडा सपाट माळा पारव्यांनाच सोयीचा. पारवे जमले की चिमण्या हटतात, आणि त्यांच्या सुकलेल्या विष्ठेची पूड वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे दाण्याच्या ताटलीभोवती दीड इंची चौकोनांच्या जाळीचा पिंजरा करा. चिमणी आत जाते, पारवा बाहेर राहतो. खार मात्र घुसतेच, ती गृहीत धरा. बाजरी, राळा आणि तांदळाची कणी यांचं मिश्रण मूठभर, तीस-चाळीस ग्रॅम, सकाळी ठेवायचं. संध्याकाळी उरलं तर उद्या कमी. रात्रभर सांडलेल्या दाण्यावर उंदीर-घुशी येतात. पावसाळ्यात ओल्या दाण्याला बुरशी धरते आणि तिचं विष पक्ष्यांना मारतं, म्हणून तेव्हा चिमूटभरच, किंवा अजिबात नको. ताटलीचा तळ जाळीचा असला की पाणी साचत नाही. आठवड्यातून एकदा एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटं बुडवून, खळखळून धुऊन उन्हात कडकडीत वाळवा.

सेव-उसळीतली उरलेली सेव, लीलो चिवडो, फरसाण मुळीच घालू नका. एवढं मीठ चिमणीची मूत्रपिंडं बाहेर टाकू शकत नाहीत. बुलबुल, कोकीळ आणि तांबटासाठी पपईची फोड किंवा पिकलेला पेरू खिळ्याला टोचून ठेवावा, दुपारनंतर काढून टाकावा. साखरपाण्याच्या लाल बाटल्या अमेरिकेतल्या हमिंगबर्डसाठी बनवलेल्या असतात. तो पक्षी भारतात नाही. सूर्यपक्ष्यासाठी हमेलियाचं एक झुडूप किंवा फुलावर आलेला शेवगा पुष्कळ.

घरट्यासाठी साहित्य ठेवायचं तर सुकं गवत आणि नारळाच्या शेंड्यांचे बोटभर तुकडे ठेवा. लोकर, केस, सुतळी नको, पिल्लांचे पाय त्यात अडकून रक्तपुरवठा तुटतो. बडोद्यात या बाबतीत सर्वांत वाईट ठरतो तो उत्तरायणानंतर झाडांत लोंबणारा दोरा. पक्षी तो घरट्यात विणतात. 14 आणि 15 जानेवारीला पतंग उडाले की 16 तारखेलाच लांब काठीला आकडा बांधून अंगणातल्या फांद्या, केबल, गच्चीचा कठडा साफ करावा आणि गोळा केलेला दोरा तुकडे करूनच कचऱ्यात टाकावा, नाहीतर तो पुन्हा कोणाच्या तरी पायात अडकतो. मग पेटी उघडून जुनं गवत, त्यातल्या माइट्स नावाच्या बारीक किड्यांसकट, उकळतं पाणी ओतून काढा. आत अंडी नाहीत ना हे आधी पाहून. गांधीलमाश्यांनी छपराला आतून पोळं धरलं असेल तर ते काढून तिथे साबणाची वडी घासा, पुन्हा धरत नाही.