तीनशे एक उमेदवार आणि अडीचशे रुपये

१९८५ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ३०१ उमेदवार उभे होते. आमदार व्हायचा होता एक. उमेदवारी अर्जासोबत भरायची अनामत रक्कम, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातलं ‘डिपॉझिट’, तेव्हा अडीचशे रुपये होती. आज तीच रक्कम दहा हजार आहे. अडीचशेचे दहा हजार कसे झाले, या हिशेबात महागाईचा वाटा आहेच. पण निवडून यायची आशा न धरता अर्ज भरणाऱ्या माणसांचाही त्यात मोठा वाटा आहे.

अनामतीची कल्पना ब्रिटनची. तिथे १९१८ च्या कायद्याने उमेदवाराकडून दीडशे पौंड घ्यायला सुरुवात झाली आणि एक अष्टमांश मतं न मिळाल्यास ते जप्त होऊ लागले. आपण १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात हीच पद्धत घेतली. विधानसभेला २५० रुपये, लोकसभेला ५००, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी रक्कम. ही सवलत जागेला नसून उमेदवाराला आहे. खुल्या जागेवर उभं राहिलं तरी ती मिळते. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली तर पैसे परत, नाहीतर सरकारजमा. आपल्याकडे ‘डिपॉझिट जप्त’ हा हरण्याहूनही मोठा अपमान मानतात, तो या एक षष्ठांशामुळे.

सुरुवातीला गर्दीची भीती खरोखर वजनदार होती. १९५२ च्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. म्हणजे एक उमेदवार वाढला की मतदारसंघातल्या प्रत्येक केंद्रावर एकेक पेटी वाढली. पेट्या घडवायच्या, बैलगाडीने, होडीने पोचवायच्या, मोजणीपर्यंत सांभाळायच्या. १९६२ पासून सगळी नावं एकाच मतपत्रिकेवर आली आणि पेट्यांची अडचण संपली. तिच्या जागी मतपत्रिकेची लांबी आली.

अनामत मात्र पंचेचाळीस वर्षं तिथेच राहिली. १९५१ साली दहा ग्रॅम सोनं शंभर रुपयांच्या आसपास मिळायचं, म्हणजे अडीचशे रुपये ही चांगली पंचवीस ग्रॅम सोन्याची किंमत होती. नव्वदीच्या मध्यावर तेवढ्याच पैशांत जेमतेम अर्धा ग्रॅम यायचं. दार इतकं सैल झाल्यावर माणसं आत येणारच. १९९५ ला महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी साडेचार हजारांहून अधिक उमेदवार होते. ही सगळी हौशी मंडळी होती असं म्हणणाऱ्यांनी त्या निकालाकडे नीट पाहावं. ४५ अपक्ष निवडून आले आणि शिवसेना-भाजप युतीचं सरकार बसवताना त्यांच्या पाठिंब्याला किंमत आली.

मग आलं १९९६. त्या वर्षी बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. महाराष्ट्र एकीकरण समितीने सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष वेधण्यासाठी उमेदवारी अर्जच हत्यार म्हणून वापरला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने फेटाळला. ठराव, मोर्चे, सत्याग्रह, निवडून आलेले आमदार, सगळं करून झालं होतं. दिल्लीला निवेदन दिलं तर ते फायलीत जातं. साडेचारशे उमेदवारी अर्ज मात्र फायलीत ठेवून विसरता येत नाहीत, त्यांची छाननी करावी लागते, चिन्हं द्यावी लागतात, नावं छापावी लागतात. या युक्तीतली वेदना मला त्या काळच्या चेष्टेच्या बातम्यांपेक्षा कितीतरी खरी वाटते.

बेळगाव एकटं नव्हतं. तेव्हाच्या आंध्रातल्या, आताच्या तेलंगणातल्या नलगोंड्यात फ्लोराइडच्या पाण्याने पिढ्या वाकल्या होत्या. तिथे ४८० उमेदवार उभे राहिले. तमिळनाडूतल्या मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात शेतकऱ्यांच्या रोषातून हा आकडा १०३३ वर गेला. मतपत्रिकेची पुस्तिका करावी लागली, मतदान पुढे ढकलावं लागलं. देशभरात लोकसभेचे उमेदवार झाले १३,९५२.

उत्तर लगेच आलं. १ ऑगस्ट १९९६ पासून कायदा बदलला. विधानसभेची अनामत पाच हजार, लोकसभेची दहा हजार. एकाच वेळी दोनपेक्षा जास्त जागा लढवायला बंदी. पूर्वी उमेदवाराचा मृत्यू झाला तर मतदान रद्द व्हायचं; आता ते रद्द होत नाही, मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार गेला तरच पुढे ढकललं जातं, म्हणजे पक्षाला दुसरा उमेदवार देता येतो. आणि ज्याच्याकडे असा पक्ष नाही, त्याला एका सूचकाऐवजी, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणाऱ्या मतदाराऐवजी, दहा सूचक. १९९८ ला लोकसभेचे उमेदवार ४,७५० वर आले. महाराष्ट्र विधानसभेलाही १९९९ ला आकडा दोन हजारांच्या आसपास उतरला. २०१० पासून विधानसभेची अनामत दहा हजार आहे.

दहा हजारांबद्दल बरंच बोललं जातं, दहा सूचकांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एबी फॉर्म, म्हणजे ‘हा आमचा उमेदवार’ असं पक्षाचं पत्र, मिळाला की एक सूचक पुरतो. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा मतदार जमवावे लागतात, प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक तंतोतंत लिहावा लागतो, सह्या घ्याव्या लागतात. यादीत कुणाचं नाव सापडत नाही, कुणावर गावातला पुढारी डोळे वटारतो. छाननीत दहातला एक जरी बाद ठरला तर अर्ज गेला. आणि पैशांचं म्हणाल तर आज मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला चाळीस लाखांपर्यंत खर्चाची मुभा आहे. त्यापुढे दहा हजार म्हणजे पाव टक्का. तिकीटवाल्याला ही रक्कम जाणवतही नाही. ऊसतोड मजुराला मात्र त्यासाठी उचल घ्यावी लागेल. चाळणी लावली हौशी उमेदवारांसाठी, अडकतो तो मजूर. हे मला अन्यायाचंच वाटतं.

मतदानाचं मशीन आल्यावर गर्दीचं गणितही बदललं. एका बॅलेट युनिटवर १६ बटणं. जुन्या मशीनला अशी चारच युनिटं जोडता यायची, म्हणजे ‘नोटा’ धरून ६४ नावं. नव्या मशीनला चोवीस जोडता येतात, म्हणजे ३८४. निजामाबादच्या हळद आणि ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी २०१९ च्या लोकसभेला हे तपासूनच पाहिलं: १८५ उमेदवार, बारा युनिटं. २०२४ च्या लोकसभेआधी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात आपल्या गावोगावीही हीच चर्चा होती, की इतके अर्ज भरू की मशीनच पुरणार नाही. तसं झालं नाही. विधानसभेलाही मनोज जरांगे यांनी अर्ज माघारीच्या शेवटच्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, निवडणूक न लढवण्याचं जाहीर केलं. माजलगावात तरी ३४ उमेदवार राहिलेच. राज्यभरात होते ४,१३६, आणि त्यातल्या साडेतीन हजारांच्या आसपास जणांची अनामत गेली.

बेळगावचा दावा महाराष्ट्राने २००४ ला सर्वोच्च न्यायालयात नेला, तो अजून तिथेच आहे. त्या ३०१ जणांना १९८५ ला मिळून पाऊण लाखाच्या आसपास भरावे लागले असतील. आज तेवढीच माणसं उभी करायची, आणि सगळे खुल्या वर्गातले धरले, तर तीस लाख दहा हजार रुपये लागतील. वर, मान्यताप्राप्त पक्षाचे नसल्याने, प्रत्येकी दहा सूचक: तीन हजार दहा सह्या.