‘गोल्डन लॅब्रॅडॉर’ नावाचा कुत्रा नसतो

मुलांसाठी कुत्रा आणायचे घरात ठरले की बहुतेकांची यादी लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या दोन नावांवर येऊन थांबते आणि मग त्या दोन नावांचे कडबोळे होऊन ‘गोल्डन लॅब’ नावाचा तिसराच प्राणी जन्माला येतो. अशी जात अस्तित्वात नाही. पिवळा लॅब्रॅडॉर हा लॅब्रॅडॉरच असतो आणि त्याच्या रंगाचे अधिकृत नावही ‘यलो’ असेच आहे. ही चूक केवळ नावापुरती असती तर मी ती मुकाट्याने ऐकून घेतली असती. परंतु ज्यांना ही दोन नावे एकाच कुत्र्याची वाटतात, ते दोहोंपैकी जे पिल्लू आधी मिळेल ते घरी आणतात आणि वर्षभराने ‘आम्हाला कोणी सांगितलेच नाही’ असे म्हणतात.

रंगावरून ओळखू पाहणे हा मुळातच चुकीचा रस्ता आहे. दोन्ही जातींतला पिवळेपणा एमसी१आर या एकाच जनुकाच्या अप्रभावी रूपामुळे येतो आणि दोन्हींत जवळजवळ पांढऱ्यापासून गडद तांबूसपर्यंतच्या छटा आढळतात. लॅब्रॅडॉर काळा किंवा तपकिरीही असतो, दोन काळ्या लॅब्रॅडॉरच्या पोटी पिवळे पिल्लू येऊ शकते. गोल्डन मात्र काळा नसतो. फिक्या रंगाच्या गोल्डनला ‘इंग्लिश क्रीम’ म्हणून, ती अधिक शांत अशी वेगळीच जात असल्याचे भासवून विकणाऱ्यांचा मला विशेष राग आहे. ती गोल्डनचीच एक छटा आहे आणि छटेवरून स्वभाव ठरत नाही.

गोंधळाला इतिहासाचा थोडा आधार आहे, हे मान्य करायला हवे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर काम करणारा, आता नामशेष झालेला सेंट जॉन्स वॉटर डॉग हा लॅब्रॅडॉरचा थेट पूर्वज आणि गोल्डनच्या पूर्वजांपैकीही एक. गोल्डनची स्वतंत्र कहाणी सुरू होते ती स्कॉटलंडमधल्या गिसाखन इथे, १८६८ मध्ये, जेव्हा लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी ‘नूस’ नावाचा लहरदार केसांचा पिवळा रिट्रीव्हर आणि ‘बेल’ नावाची ट्वीड वॉटर स्पॅनिएल मादी यांची जोडी जमवली. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने लॅब्रॅडॉरला १९०३ मध्ये आणि गोल्डनला स्वतंत्र जात म्हणून १९१० च्या दशकात मान्यता दिली. (गोल्डन हा रशियन सर्कशीतल्या कुत्र्यांपासून आला, ही कथा अजूनही सांगितली जाते, ट्वीडमाउथ यांच्याच प्रजननाच्या नोंदवहीने ती कधीच निकालात काढली आहे.) या वंशावळीतला एकच शब्द ध्यानात ठेवावा, तो म्हणजे ‘लहरदार केस’.

लॅब्रॅडॉर वाचकाला ठाऊक असतोच, म्हणून त्याच्याविषयी थोडक्यात. पंचवीस ते छत्तीस किलो वजनाचा, आखूड आणि दाट केसांचा, धसमुसळा, माणसांत रमणारा हा कुत्रा दोन-तीन वर्षांचा होईपर्यंत शरीराने मोठा आणि डोक्याने पिल्लू असतो. त्याची जाड शेपटी नेमकी चालायला शिकणाऱ्या मुलाच्या तोंडाच्या उंचीवर हलत असते आणि पहिल्या वर्षातली बरीचशी रडारड चावण्यामुळे नव्हे तर या शेपटीमुळे होते. त्याचे खादाडपणही केवळ बदनामी नाही: केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की जवळजवळ एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा काही भाग गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांचे वजन अधिक भरते, अन्नाची ओढही अधिक असते. मुलाच्या हातातला खाऊ लंपास होणार, हे गृहीत धरावे.

स्वभावाबाबत ‘गोल्डन हळवा आणि लॅब दांडगा’ असे जे सांगितले जाते त्यात तथ्य आहे, पण ते चिमूटभर. शिकारीच्या कामासाठी पैदास केलेल्या वंशातला कुत्रा आणि प्रदर्शनासाठी पैदास केलेल्या वंशातला कुत्रा यांच्यातला फरक, तोही एकाच जातीत, पुष्कळदा या दोन जातींमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. दोघांनाही रोज किमान तासभर खराखुरा व्यायाम लागतो, दोघेही पिल्लूपणी हाती लागेल ते तोंडात धरतात, दोघांच्याही आईवडिलांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे अहवाल पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नये. गोल्डनमध्ये कर्करोगाचे प्रमाण चिंताजनक आहे. त्याचा मागोवा घेण्यासाठी अमेरिकेत २०१२ पासून तीन हजारांहून अधिक गोल्डनचा आयुष्यभराचा अभ्यास चालू आहे. केस दोघांचेही झडतात. लॅब्रॅडॉरचे टाचणीसारखे कापडात रुततात, गोल्डनचे कोपऱ्यात गोळा होऊन वाऱ्याबरोबर फिरतात. ज्याच्या घरात कोणाला कुत्र्याची ॲलर्जी आहे त्याने दोहोंतला ‘कमी त्रासाचा’ शोधू नये, कारण ॲलर्जी केसांची नसून लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्याकडे येतो. मुले असलेल्या घरासाठी या दोन कुत्र्यांमधला निर्णायक फरक स्वभावाचा नाही, केसांचा आहे. आणि केसांचा म्हणजे सौंदर्याचा नव्हे, तर वेळेचा आणि वेदनेचा.

दोघांनाही दुपदरी केस असतात, वर राठ आणि खाली लोकरीसारखा मऊ अंडरकोट. लॅब्रॅडॉरचा वरचा पदर इतका आखूड असतो की आठवड्यातून एकदा रबरी ब्रशने दहा मिनिटे घासले की काम संपते, आणि एखादा आठवडा चुकला तरी सोफ्याखेरीज कोणाचे काही बिघडत नाही. गोल्डनला मात्र कानांमागे, पुढच्या पायांच्या मागच्या बाजूला, काखेत, पोटाखाली, मांड्यांवर आणि शेपटीला लांब झालर असते. जिथे कातडीला कातडी किंवा पट्टा घासतो तिथे गळालेला अंडरकोट या लांब केसांत अडकतो, त्याचा गुंता होतो आणि गुंत्याची जट होते. आठवड्यातून दोन-तीनदा प्रत्येकी अर्धा तास आणि ऋतू बदलताना रोज, एवढा वेळ गोल्डन मागतो. तो चुकवला तर वरून काहीच दिसत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. पाठीवर ब्रश सरसर फिरतो, कुत्रा चमकतो, घरचे समाधानी होतात; केस बोटांनी फाकवून कातडीपर्यंत पाहिले तर खाली नमद्यासारखा थर बसलेला असतो.

आमच्या गोल्डन मादीच्या डाव्या कानामागे मला एकदा सुपारीएवढी गाठ लागली. मी आदल्याच दिवशी तिला विंचरले होते, निदान माझी तशी समजूत होती. ती गाठ म्हणजे जट होती आणि ती कातडीच्या इतकी लगत बसली होती की कान हलला की आतली कातडी ओढली जात होती. त्याआधीचे चार दिवस ती मुलांनी जवळ येऊन गळ्यात हात टाकला की मान वळवायची, जीभ काढून नाक चाटायची, डोळ्यांच्या कडेने पांढरे दाखवायची. आणि मी ते ‘आज कंटाळली आहे’ म्हणून सोडून दिले होते. पाचव्या दिवशी मुलाने लाडाने कान धरला आणि ती गुरगुरली. चावली नाही, हे तिचे मोठेपण. तिला त्या गुरगुरण्याबद्दल रागावायला मी तोंड उघडले होते. तेवढ्यात माझा हात तिच्या कानाकडे गेला, हे माझे नशीब.

केसांचा प्रश्न मुलांचा प्रश्न होतो तो असा. मुले कुत्र्याला नेमकी तिथेच धरतात जिथे गोल्डनला जटा होतात: कान, गळा, शेपटी, मांडीवरची झालर. ज्या कुत्र्याच्या कानामागे दुखते आहे तो कितीही प्रेमळ असला तरी त्याचा संयम आखूड झालेला असतो, आणि घरातले लोक मग ‘गोल्डन असून असा कसा वागतो’ म्हणून जातीला किंवा त्या बिचाऱ्या कुत्र्याला दोष देतात. गुरगुरणे ही कुत्र्याची शेवटून दुसरी सूचना असते. ती शिक्षा करून बंद पाडली की शेवटची तेवढी उरते.

यात आणखी एक फसगत आहे, आणि तीच बहुतेकांना भोवते. दोन महिन्यांच्या वयात दोन्ही जातींची पिल्ले कापसाच्या बोळ्यासारखी दिसतात. गोल्डनच्या पिल्लाला झालर नसतेच. ती हळूहळू पहिल्या वर्षात आणि काहींत दुसऱ्या वर्षापर्यंत उतरते, म्हणजे पिल्लाचे कौतुक ओसरलेले, शाळा आणि नोकरीच्या रगाड्यात सगळे अडकलेले, कुत्रा तीस किलोचा आणि हट्टाच्या वयातला, अशा मुहूर्तावर. तेव्हा पहिल्यांदा फणी हातात घेतली तर कुत्रा ती झिडकारणारच. म्हणून गोल्डनला विंचरण्याची सवय तेव्हा लावावी लागते जेव्हा विंचरायला काहीच नसते: रोज दोन मिनिटे, कान उलटून, काखेत बोटे घालून, पाऊल हातात धरून, सोबत खाऊचा तुकडा देऊन. नसबंदीनंतर काही गोल्डनचे केस अधिक लोकरीसारखे आणि गुंतणारे होतात, हेही आधी कोणी सांगत नाही.

पद्धत अवघड नाही, पण ती पद्धतच असावी लागते. एका हाताने केसांचा थर उचलून धरायचा, खालून थोडे थोडे केस सोडत कातडीपासून टोकापर्यंत स्लिकर ब्रश (बारीक तारांच्या दातांचा ब्रश) फिरवायचा आणि शेवटी धातूच्या फणीने तपासायचे. फणी अडली तर काम झालेले नाही. अंघोळ विंचरल्यानंतर घालायची, आधी नव्हे, कारण पाण्याने जट आवळते. अंघोळीनंतर अंडरकोट मुळापर्यंत सुकवायचा. ओलसर राहिलेल्या लोकरीखाली कातडी एका रात्रीत लालभडक होऊन चिघळू शकते. जट कात्रीने कापायचा मोह टाळावा, कारण ती कातडी वर ओढून धरते आणि कात्रीला केस कुठे संपले ते कळत नाही.

आणि भादरण्याविषयी. ‘उकाड्यात बिचाऱ्याला बरे वाटेल’ म्हणून गोल्डनला मुळापासून भादरून आणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, पण इथे लिहून ठेवतो. वरचा पदर उन्हापासून कातडीचे रक्षण करतो. कुत्रा प्रामुख्याने धापा टाकून थंड होतो, आपल्यासारखा सर्वांगाने घाम गाळून नव्हे. भादरल्यावर मऊ अंडरकोट आधी आणि राठ केस मागाहून, कधी कधी अर्धवटच, येतात, म्हणजे पुढच्या वर्षी गुंता दुप्पट. शस्त्रक्रियेसाठी किंवा सर्वांग जटांनी भरलेल्या कुत्र्याच्या सुटकेसाठी भादरावे लागते, तो भाग वेगळा.

माझे मत विचाराल तर घरात पाच वर्षांखालचे मूल असेल आणि आईवडील दोघेही दिवसाअखेर थकलेले असतील, तर लॅब्रॅडॉर घ्यावा आणि डबे उंचावर ठेवावेत. शेपटीचा फटका मूल विसरते. मुले आठ-नऊ वर्षांची झाली असतील आणि घरात निदान एका मोठ्या माणसाला संध्याकाळी जमिनीवर बसून अर्धा तास काहीतरी निगुतीने करण्याची मुळात आवड असेल, तर गोल्डनसारखा कुत्रा नाही. मुले मदत करतील, या भरवशावर मात्र तो आणू नये. मुलांचा उत्साह फार तर तीन आठवडे टिकतो आणि झालर यायला वर्ष लागते. पूडल या कुरळ्या केसांच्या जातीशी संकर केलेला ‘केस न झडणारा’ गोल्डन हा यावरचा तोडगा म्हणून खपवला जातो. जे केस गळून पडत नाहीत ते तिथेच अडकून बसतात, म्हणजे त्याला फणी अधिकच लागते.

गोल्डनचे पिल्लू पाहायला जाल तेव्हा पिल्लांत रमण्याआधी मालकाला विचारून त्यांच्या आईजवळ बसा. पिल्ले झाल्यावर मादीचे केस पुष्कळ झडतात, तेव्हा ती विरळ दिसली तर तिकडे लक्ष देऊ नका. ती आपणहून जवळ आली की तिच्या कानामागे हलकेच बोटे घाला: तिथे जट लागते का, आणि ती बोटे घालू देते का, एवढेच पाहा.