बँक शिफ्ट की एजन्सी शिफ्ट? ‘लोकम’ एकच, व्यवस्था दोन

ब्रिटनला यायच्या तयारीत असलेल्या ज्युनियर डॉक्टरांचे मला फोन येतात. प्लॅब (परदेशी डॉक्टरांनी द्यायची परीक्षा) झालेली असते, जीएमसीचं (तिथल्या मेडिकल कौन्सिलचं) रजिस्ट्रेशन हातात असतं आणि प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, नोकरी मिळेपर्यंत लोकम करू का?” मी विचारते, “बँकेतून की एजन्सीतून?” पलीकडे शांतता. बँक म्हणजे पगार जमा होतो ती, एवढंच ठाऊक असतं. पहिलं वर्षभर मलाही हे दोन्ही एकच वाटायचं.

आपल्याकडे लोकमचा अर्थ साधा आहे. डॉक्टर आठवडाभर गावाला गेले की त्यांच्या दवाखान्यात बसतो तो लोकम. नर्सिंग होमचा आरएमओ परीक्षेसाठी सुट्टीवर गेला की नाइट करायला येतो तोही लोकम. बोलावणं ओळखीतून येतं आणि पैसे सकाळी हातात पडतात. मी रत्नागिरीत असताना असंच करायचे. इंग्लंडमध्ये मात्र हाच शब्द दोन वेगळ्या व्यवस्थांसाठी वापरतात.

साउदॅम्प्टन, पोर्ट्समथ, ब्रायटन, पश्चिमेला प्लिमथ अशी शहरं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आहेत. उन्हाळ्यात इथे इमर्जन्सी डिपार्टमेंटला श्वास घ्यायला फुरसत नसते. दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर पाय मुरगळलेले लोक येतात, धक्क्यावरून उथळ पाण्यात सूर मारून मानेला इजा झालेली पोरं येतात. ओहोटीला वाळूत लपलेल्या वीव्हर माशाचा काटा लागलेले लोक येतात. (त्यावर उपाय आपल्याकडे शिंगाळ्याचा काटा लागल्यावर करतात तोच: सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय निदान अर्धा तास बुडवून ठेवायचा. पहिला असा पेशंट पाहिला तेव्हा मला मिरकरवाडा बंदर आठवलं होतं.) हिवाळ्यात घरात पडून मांडीचं हाड मोडलेले म्हातारे येतात, कारण निवृत्त माणसं समुद्राकाठी राहायला येतात. म्हणजे काम बाराही महिने, आणि रोटामध्ये, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात, कुठली ना कुठली जागा रिकामी.

ती रिकामी जागा आधी हॉस्पिटलच्या ‘बँके’कडे जाते. बँक म्हणजे जादा शिफ्ट करायला तयार असलेल्या डॉक्टरांची हॉस्पिटलची स्वतःची यादी. कागदपत्रं त्यांनीच तपासलेली असतात आणि पगारही त्यांच्याच पगारखात्यातून होतो. कित्येक ट्रस्टची (एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थांची) बँक एनएचएस प्रोफेशनल्स ही सरकारी मालकीची कंपनी चालवते. बँकेतून कोणी मिळालं नाही, तर शिफ्ट एजन्सींकडे जाते. एजन्सी म्हणजे मधला माणूस: डॉक्टर पुरवायचा, हॉस्पिटलला बिल लावायचं आणि स्वतःचं कमिशन ठेवायचं. हा खर्च इतका वाढला की नोव्हेंबर २०१५ पासून एजन्सीच्या दरांवर सरकारला कमाल मर्यादा घालावी लागली. आता ट्रस्ट शक्यतो बँकेतूनच भागवतात, आणि एजन्सीच्या शिफ्टा पूर्वीसारख्या पडून नसतात.

रात्री दहाला हँडओव्हरसाठी दोन लोकम शेजारी उभे राहतात, एक बँकेचा, एक एजन्सीचा. पेशंटला दोघे सारखेच. स्क्रब्ज तेच, पेशंटला चार तासांत घरी किंवा वॉर्डात पाठवायचं घड्याळ दोघांच्याही मागे. फरक पहिल्या अर्ध्या तासात दिसतो. बँकेच्या डॉक्टरचं कार्ड दार उघडतं. लॉगिन चालतं. ब्लड गॅस (रक्तातले वायू तपासणाऱ्या) मशीनला स्वतःचा बारकोड दाखवून तो सिरिंज लावतो. मुलांच्या रिससची (जीव वाचवायच्या तातडीच्या उपचारांची) ट्रॉली कुठे आहे हे त्याला विचारावं लागत नाही. एजन्सीचा डॉक्टर त्या इमारतीत कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच आलेला असतो.

एका किनाऱ्यावरच्या गावात मी एजन्सीतून पहिली नाइट केली, तेव्हा माझं लॉगिन पहाटे दोनला तयार झालं. तोवर प्रत्येक रक्ततपासणी मी कागदावर लिहून रजिस्ट्रारकडे नेत होते. सेप्सिसच्या (जीवघेण्या जंतुसंसर्गाच्या) एका आजीचं लॅक्टेट, म्हणजे आजार किती गंभीर ते सांगणारी रक्ततपासणी, बघायचं होतं. हातात भरलेली सिरिंज, आणि मशीन चालवायची परवानगी असलेली नर्स शोधत मी मेजर्समध्ये (गंभीर पेशंटांच्या भागात) फिरत होते. दुसऱ्याचा बारकोड वापरायचा नसतो, आणि मी तो वापरला नाही. आजींना अँटिबायोटिक वेळेत मिळालं, कारण सिस्टर हुशार होती आणि रिपोर्टची वाट न बघता तिने सलाइन आणि औषध तयार ठेवलं होतं. त्या हॉस्पिटलने माझं नाव दोन दिवस आधी मागितलं होतं. एजन्सीने ते संध्याकाळी पाठवलं. त्या नाइटला नेहमीच्या दीडपट दर होता. त्या दरात काय काय येतं, हे मला तेव्हा उमगलं.

पैशांचा हिशेब नीट समजून घ्या, कारण सगळे तिथेच फसतात. एजन्सी पगार बहुधा ‘अंब्रेला कंपनी’मार्फत देते, म्हणजे पगार काढून देणारी आणखी एक मधली कंपनी. समजा जाहिरातीत तासाला ६० पौंड लिहिलंय. अंब्रेलाच्या दरात मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्सही (सरकारी सामाजिक विम्याचा हप्ता) धरलेला असतो. एप्रिल २०२५ पासून तो १५ टक्के आहे, शिवाय अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही (प्रशिक्षणासाठीचा कर). ते वजा केलं की साधारण ५२ उरतात. त्यातच १२.०७ टक्के सुट्टीचे पैसे मिसळलेले असतात, म्हणजे मूळ दर ४६ च्या आसपास. वर अंब्रेलाची स्वतःची फी, आणि मग तुमचा कर. बँकेचा ५० चा दर सुट्टीचे पैसे वेगळे धरून असेल, तर तो या ६० पेक्षा जास्त भरतो. शिवाय बँकेच्या शिफ्टवर एनएचएस पेन्शनमध्ये राहता येतं, तिथे मालकाचा हिस्सा २३.७ टक्के आहे. आधीच पूर्णवेळ नोकरी असेल, तर जादा शिफ्टवर पेन्शन धरत नाहीत. एजन्सीच्या कामावर एनएचएस पेन्शन नसते. म्हणून “दर किती?” असं विचारू नका, “या दरात काय काय धरलंय?” असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

माझ्या दृष्टीने खरा फरक मात्र शिफ्ट संपल्यावर सुरू होतो.

बँकेच्या एका संध्याकाळी एक बाई आल्या. किनाऱ्यावर गोट्यांवरून पाय घसरला होता. घोटा सुजलेला, मी एक्स-रे काढला, नीट पाहिला, घोट्याला फ्रॅक्चर नव्हतं. मुरगळलाय सांगून घरी पाठवलं. चार दिवसांनी पुढच्या शिफ्टला गेले तर कन्सल्टंटने मला कॉम्प्युटरपाशी बोलावलं आणि तोच फोटो उघडला. काही न बोलता त्यांनी पेन फिल्मच्या अगदी कडेला ठेवलं. करंगळीच्या मागे पायाचं जे लांब हाड असतं, पाचवं मेटाटार्सल, त्याच्या बुडाशी बारीक रेघ होती. रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टमध्ये ती आली होती, बाईंना फोन करून परत बोलावलं होतं, बूट दिला होता. बाईंचं काही बिघडलं नाही. पण त्या दिवसापासून मुरगळलेल्या प्रत्येक घोट्याला मी करंगळीच्या मागे दाबून बघते, आणि फिल्मच्या चारही कडा पाहिल्याशिवाय स्क्रीन बंद करत नाही.

हे मला कळलं, कारण मी परत तिथेच येणार होते आणि माझा ईमेल त्यांच्या यादीत होता. एजन्सीतून मी आठ हॉस्पिटलांत काम केलं. तिथे माझ्याकडून काहीच निसटलं नसेल, असं होऊच शकत नाही. पण त्यातलं एकही मला आजवर कळलेलं नाही. डॉक्टर अनुभवाने शिकतो म्हणतात, पण चूक परत येऊन भेटली तर. नव्याने आलेल्यांनी एजन्सीपासून सुरुवात करू नये असं मी हट्टाने सांगते, ते यासाठी.

जीएमसीच्या बाजूनेही हेच अडतं. डिसेंबर २०१२ पासून रिव्हॅलिडेशन (प्रॅक्टिसची परवानगी चालू ठेवण्यासाठीची तपासणी) आहे, साधारण दर पाच वर्षांनी, आणि त्यासाठी दरवर्षी अप्रेझल, म्हणजे कामाचा आढावा. त्याला सहकाऱ्यांचे अभिप्राय लागतात, केलेल्या सुधारणांचा पुरावा लागतो, आणि तुमची शिफारस करणारा रिस्पॉन्सिबल ऑफिसर लागतो. फक्त बँकेवर असाल तर तो बहुधा ट्रस्टचा असतो. फक्त एजन्सीवर असाल तर एजन्सीकडचा, आणि त्याने तुम्हाला काम करताना कधीच पाहिलेलं नसतं. एका हॉस्पिटलात एकच रात्र काढलेल्या डॉक्टरबद्दल अभिप्राय देणार तरी कोण?

इंडेम्निटीत, म्हणजे चुकीच्या दाव्यांपासूनच्या संरक्षणात, फारसा फरक नाही. एनएचएस हॉस्पिटलच्या कामासाठी दोघांनाही संरक्षण असतं, पण जीएमसीपुढची चौकशी त्यात येत नाही, म्हणून एमडीयू किंवा एमपीएससारख्या डॉक्टरांच्या संरक्षण संस्थेचं स्वतःचं कव्हर दोघांनीही घ्यावं.

व्हिसाचं मात्र आधी बघा. नुसत्या लोकमवर व्हिसा उभा राहत नाही, स्पॉन्सर करणारी नोकरी हवी. ती चालू ठेवून दुसरीकडे आठवड्याला २० तासांपर्यंत जादा काम करता येतं. तेव्हा फोनवरच्या त्या प्रश्नाला माझं उत्तर असं: आधी एका डिपार्टमेंटची पूर्णवेळ नोकरी, निदान वर्षभर. मग त्याच हॉस्पिटलच्या बँकेत नाव. एजन्सी त्यानंतर, आणि तीही गरज असेल तर.

एजन्सीच्या शिफ्टा मी अजूनही अधूनमधून करते. अर्धा तास आधी पोचते. लॉगिन, दाराचं कार्ड, ब्लड गॅससाठी कोणाला हाक मारायची, रात्रीचा सीनियर कोण आणि त्याचा ब्लीप (पेजर) नंबर, हे पहिला पेशंट उचलायच्या आत विचारून घेते. कार्डिॲक अरेस्टचा २२२२ सगळीकडे तोच, तेवढं विचारावं लागत नाही. सकाळी निघताना कन्सल्टंटला माझा जीएमसी नंबर आणि ईमेल कागदावर लिहून देते: माझ्या पेशंटपैकी कोणाला परत बोलवावं लागलं, तर मला कळवा. आजवर तीन ठिकाणांहून उत्तर आलं. तिसऱ्यात एवढंच होतं, तुम्ही ठेवून घेतलेल्या आजोबांचं ॲपेंडिक्स फुटलेलं निघालं, ते बरे होऊन घरी गेले. ती मेल मी जपून ठेवली आहे.